शब्द गेले, चाल राहिली

या वेळचे तिन्ही प्रश्न ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन रॉक बँडची गाणी जॅझ-रॉकच्या अंगाने, न गाता वाजवण्याबद्दल आहेत.

प्रश्न : डेडची गाणी नुसती वाद्यांवर वाजवणारा ‘जॅझ इज डेड’ नावाचा बँड आहे, असं कळलं. कुठून ऐकायला सुरुवात करू? (कोल्हापूर)

उत्तर : १९९८च्या ‘ब्लू लाइट रेन’पासून. गिटारवर जिमी हेरिंग, कीबोर्डवर टी लाव्हिट्झ, बेसवर पूर्वी ‘वेदर रिपोर्ट’ या जॅझ-रॉक बँडमध्ये असलेला अल्फॉन्सो जॉन्सन आणि ड्रम्सवर तशाच ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’मधून आलेला बिली कॉबम. मग ‘लाफिंग वॉटर’ घ्या. डेडचा १९७३चा ‘वेक ऑफ द फ्लड’ हा अल्बम त्यात नव्याने वाजवला आहे. आधी मूळ गाणं, लगेच त्याचं वादन, असं जोडीने ऐका. ‘वेक ऑफ द फ्लड’ आणि ‘लाफिंग वॉटर’ हे शब्द ‘हिअर कम्स सनशाइन’च्या एकाच ओळीत शेजारी शेजारी येतात, आणि ‘ब्लू लाइट रेन’ हे ‘अनब्रोकन चेन’मधलं. न गाणाऱ्या बँडने अल्बमची नावं गाण्याच्या ओळींतून घ्यावीत, हे आम्हाला फार आवडतं.

प्रश्न : आमचा कॉलेजचा बँड डेडचं ‘द इलेव्हन’ बसवतोय. दोन-तीन आवर्तनांत सगळे सुटतात. काय चुकतंय? (पुणे)

उत्तर : बहुतेक वेळा शेवटच्या दोन मात्रा चुकतात. हे गाणं अकरा मात्रांचं, विभागणी ३+३+३+२. तीनाचे तीन गट कानावर पडले की चौथाही तीनाचाच येणार असं कान गृहीत धरतो, एक मात्रा नकळत वाढते आणि अकराचे बारा होतात. १९६९च्या ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवर सुरुवातीला तीनाचेच गट वाहत राहतात आणि अकरा मात्रा नंतर येतात, त्यामुळे फसायला आणखी वाव.

वाद्यं बाजूला ठेवा आणि तोंडाने म्हणा : तकिट तकिट तकिट तक. प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर टाळी. मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक मात्रा. म्हणजे एक आवर्तन साडेपाच सेकंदांचं. सलग वीस आवर्तनं न चुकता झाली की १६०, मग २००. मूळ लय याहून बरीच चढी आहे, पण तिथे एकदम उडी मारू नका.

बेसवाल्याने ए, डी, ई, डी हे कॉर्ड गटागटाने धरावेत : पहिले तीन तीन-तीन मात्रा, शेवटचा डी दोनच. बाकीच्यांनी तो आखूड डी ऐकत राहायचं. समेची वर्दी तोच देतो. सोलो घेणाऱ्याच्या बोटांत चाराच्या तालाचे तुकडे मुरलेले असतात, ते इथे समेवर येत नाहीत. त्याने २२ मात्रांचे, म्हणजे दोन आवर्तनांचे, तीन-चार तुकडे आधी बांधून ठेवावेत.

(डेडचा ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे तालाचे धडे घेत असे. बोल म्हणून ताल पक्का करायची रीत या गाण्याला उपरी नाही.)

प्रश्न : गायकाची ओळ गिटारवर वाजवली की ऑर्केस्ट्रातल्या धूनसारखी सपाट वाटते. का? (ठाणे)

उत्तर : गायक तीन कडवी एकाच चालीत गातो, दर वेळी शब्द नवे असल्याने ऐकणारा कंटाळत नाही. शब्द काढून तीच चाल तीनदा वाजवली तर दुसऱ्या खेपेलाच लक्ष उडतं. ‘आइज ऑफ द वर्ल्ड’ घेतलंत तर पहिलं कडवं गिटारवर, दुसरं कीबोर्डवर वरच्या सप्तकात, आणि तिसऱ्याच्या जागी सरळ सोलो. ध्रुवपद मात्र दर वेळी पूर्ण वाजवा. तिथे गाणं ई सोडून जी मेजरकडे वळतं, आणि लोक गाणं ओळखतात ते त्या वळणावर.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक अक्षराला पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) आघात. स्वरांखाली शब्द लिहून काढा. जोर असलेल्या अक्षरावरच पिक मारा, बाकीचे स्वर मींडेने किंवा डाव्या हाताच्या बोटानेच काढा. गायक श्वास घेतो तिथे तुम्हीही थांबा. ती जागा भरायचा मोह होतो, भरू नका. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ या कानाने ऐका, गजातून शब्द कसे कळतात ते लक्षात येईल.

अँपवरचा गेन, म्हणजे आवाज फाटवणारं बटण, निम्म्यावर आणा. जास्त गेनने आवाज दाबला जातो, हळू आणि जोरात यांतला फरकच उरत नाही. गिटारचा व्हॉल्यूम चालीला ७ वर, सोलोला १० वर.

आणि ‘आइज ऑफ द वर्ल्ड’च्या कडव्यातल्या ई मेजर सेव्हन कॉर्डवर ब्लूजची, म्हणजे साधा डी घेण्याची, सवय आवरा. त्यात डी शार्प आहे. साध्या डीवर बोट टेकवून थांबलात तर तो स्वर खुपतो. पुढे बी मायनरवर गेलात की तोच डी गोड लागतो.