बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली का?

माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून (मोड आणून वाळवलेल्या जवाचा आटवलेला अर्क) घरी पहिली-दुसरी बिअर करणाऱ्यांच्या शंका या वेळी घेतल्या आहेत. आकडे १९ लिटरच्या (५ गॅलन) नेहमीच्या बादलीचे, तापमान सेल्सियसमध्ये. ओजी म्हणजे यीस्ट टाकण्याआधीची घनता, एफजी म्हणजे आंबणं संपल्यावरची. ती मोजणारी तरंगती काचनळी म्हणजे हायड्रोमीटर. वर्ट म्हणजे बिअर होण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, एअरलॉक म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झाकणावरची पाण्याची नळी.

शनिवारी रात्री यीस्ट टाकलं. सोमवार उजाडला तरी एअरलॉकमध्ये एक बुडबुडा नाही. सगळं वाया गेलं का? (एडिसन, न्यू जर्सी)

बहुतेक नाही. प्लॅस्टिकच्या बादलीचं झाकण क्वचितच हवाबंद बसतं. वायूला कडेने वाट मिळाली की तो एअरलॉकच्या पाण्यातून कशाला जाईल? झाकण जरासं उचलून टॉर्च मारा. वर फेस असेल किंवा बादलीच्या भिंतीवर तपकिरी, चिकट कडं धरलेलं असेल, तर काम चालू आहे. ७२ तासांनीही हायड्रोमीटर ओजीच दाखवत असेल, तर ११ ग्रॅमचं कोरड्या एल यीस्टचं (एल म्हणजे खोलीच्या तापमानाला आंबणारी बिअर) नवं पाकीट टाका. कारणही शोधा. भांडं बाहेरून गार लागतं, पण मधला वर्ट ४०-४५ अंशांवर असतो आणि त्यात यीस्ट मरतं किंवा अर्धमेलं होतं. वर्ट ढवळून, थर्मामीटरने २० अंश पाहून मगच यीस्ट टाकायचं.

पेल एल केली, ओजी १.०५०. पाचव्या दिवशी बुडबुडे थांबले. बाटल्या भरू का? (सिएटल)

नको. बुडबुडे फक्त वेग कमी झाल्याचं सांगतात, शेवट झाल्याचं नाही. शेवट हायड्रोमीटर सांगतो. नमुना नळकांड्यात काढा, हायड्रोमीटर सोडून दोन बोटांनी गर्रकन फिरवा म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतील, आणि डोळा पातळीला आणून द्रवाच्या खोलगट तळाशी आकडा वाचा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. आज १.०१६ आणि परवा १.०१२ आलं, तर आंबणं अजून चालू आहे. दोन्ही वेळा १.०१२ आलं, तर संपलं. (फरकाला १३१.२५ ने गुणा, अल्कोहोलची टक्केवारी मिळते: इथे ५.) नमुना परत बादलीत ओतू नका, चाखा.

घाईची किंमत मोठी आहे. बाटलीत गॅससाठी आपण साखर घालतो ती साधारण २.४ व्हॉल्यूमच्या हिशेबाने, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या २.४ पट कार्बन डायऑक्साइड. आंबायचा राहिलेला घनतेचा प्रत्येक पॉइंट (०.००१) त्यात सुमारे अर्धा व्हॉल्यूम वाढवतो. चार पॉइंट बाकी असताना बूच मारलं, तर आकडा ४.४ वर जातो. साधी बाटली तीनच्या आसपासपर्यंत भरवशाची. त्यापुढे ती कपाटात फुटते, आणि काचा लांबवर उडतात.

आकडा स्थिरावल्यावरही दोन-तीन दिवस थांबा. कोवळ्या बिअरला बटरस्कॉचसारखा वास देणारं डायअ‍ॅसिटिल यीस्ट स्वतःच परत खातं, पण त्याला तेवढा वेळ लागतो. शंका असेल तर अर्धा पेला बिअर झाकून ६०-६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, गार करून हुंगा. लोण्याचा वास आला तर थांबा. एकूण दोन आठवडे बादलीत राहिले तर काही बिघडत नाही.

मग ११५ ग्रॅम डेक्स्ट्रोज (किंवा १०५ ग्रॅम साधी साखर) पाव लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळून, गार करून दुसऱ्या बादलीच्या तळाशी ओता आणि नळीने त्यावर बिअर घ्या. नळीचं टोक तळाला टेकलेलं हवं. वरून धार सोडलीत, तर हवा मिसळून महिनाभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

कोरडं एक्स्ट्रॅक्ट २.७ किलो वापरलं. हायड्रोमीटर सहा दिवस १.०२० वरच अडलाय. रात्री घर १५ अंशांपर्यंत उतरतं. (लेस्टर)

रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून साखर मोजणारं यंत्र) वापरला नाहीत हे बरं, अल्कोहोल आल्यावर तो जास्त आकडा दाखवतो. तरी हायड्रोमीटर २० अंशांच्या साध्या पाण्यात १.००० दाखवतो का, ते आधी बघा. ओजी मोजलेलं नव्हे, हिशेबाचं धरा: उकळलेल्या घट्ट वर्टवर वरून ओतलेलं पाणी नीट मिसळत नाही, म्हणून मोजलेला आकडा फसवतो. २.७ किलोचं १९ लिटरला १.०५२ येतं. तिथून नेहमीचं एल यीस्ट १.०१४ च्या आसपास उतरायला हवं.

तुमच्याकडे संशयित थंडीच. यीस्ट गारठून तळाला बसलं असणार. बादली २०-२१ अंशांच्या खोलीत आणा, झाकण न उघडता हलकेच गोल हलवून गाळ उठवा, चार-पाच दिवस द्या. साखर टाकू नका. यीस्ट तीच खाऊन मोकळं होईल, अडलेलं तिथेच राहील. शिवाय काही एक्स्ट्रॅक्टमध्ये, गडद रंगाच्यात विशेषतः, न आंबणारा भाग जास्त असतो आणि १.०१८-१.०२० हाच शेवट असू शकतो. तपासायला २०० मिली बिअरमध्ये चमचाभर पावाचं यीस्ट घालून दोन दिवस उबेला ठेवा. आकडा हललाच नाही, तर तुमची बिअर झालेली आहे.

जानेवारीत घर २७-२८ अंश. बिअरला नेलपॉलिशसारखा वास. मुरवून जाईल का? (मेलबर्न)

फारसा जात नाही. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. जोरात असताना वर्ट खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त तापतो. म्हणजे तुमचा तिशीच्या पुढे होता. पहिले तीन-चार दिवस वर्ट १८-२० अंशांत राहिला की जिंकलं, नंतर २२ झाले तरी चालतात. बादली पाण्याच्या टबात ठेवा, तिला जुना टी-शर्ट घाला, त्याची कड पाण्यात बुडू द्या आणि पंखा लावा. आपल्या माठाचंच तत्त्व. शिवाय बर्फ केलेल्या लिटरच्या बाटल्या टबात सकाळ-संध्याकाळ बदला. एवढा खटाटोप नको असेल, तर उन्हाळ्यात क्वेइक हे नॉर्वेचं पारंपरिक यीस्ट घ्या. त्याला तीस अंश मानवतात.

गाळावरून काढून दुसऱ्या भांड्यात न्यावी लागते का? (टोरोंटो)

साध्या एलला नाही. तीन-चार आठवड्यांत गाळ काही बिघडवत नाही, हलवाहलवीत शिरलेली हवा मात्र बिघडवते. फळं घालायची असतील किंवा काही महिने मुरवायची असेल, तर न्या.

पुण्यात किट मागवून करता येईल? (पुणे)

महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, स्वतःपुरतं असलं तरी. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली, पण विकायची तिथेही नाही.

बिअर लोणच्यासारखी जितकी मुरेल तितकी चांगली का? (डब्लिन)

बाटलीत २०-२१ अंशांवर दोन आठवडे लागतात ते गॅस धरायला. थंड जागी ठेवलीत तर यीस्ट झोपतं आणि बिअर सपक राहते. त्यानंतर मुरणं प्रकारावर आहे. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) वास हीच जिची मिजास, ती पेल एल किंवा आयपीए दोन महिन्यांत संपवा. तो वास सगळ्यात आधी उडतो. गव्हाची बिअर त्याहून लवकर. स्टाउटचा भाजका कडवटपणा दोन-तीन महिन्यांत गोलावतो. ८-१० टक्क्यांची बार्लीवाइन मात्र सहा महिन्यांच्या आत उघडू नका, वर्षानंतर ती खरी लागते. हिरव्या सफरचंदाची चव ही कोवळेपणाची खूण, ती बऱ्याचदा जाते. आंबट किंवा बँडेडसारखी चव जात नाही: पहिली बहुधा अस्वच्छतेची, दुसरी बऱ्याचदा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची. पुढच्या वेळी १९ लिटर पाण्यात पाव कॅम्पडेन गोळी (क्लोरीन घालवणारी सल्फाइटची गोळी) चुरून घाला.

बाटल्या तपकिरीच घ्या, अंधारात उभ्या ठेवा, बुचावर तारीख लिहा. प्यायच्या आधी दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवली की गॅस बिअरमध्ये नीट मुरतो आणि तळाचा यीस्टचा थर घट्ट बसतो. ओतताना शेवटचं बोटभर बाटलीतच सोडा.