चिठ्ठी हातात आली की… : फार्मसीच्या प्रशिक्षणाबद्दल वाचकांचे प्रश्न

बारावीचे निकाल लागले की फार्मसीबद्दलची पत्रं वाढतात. प्रवेश, फी, कटऑफ याबद्दल बरंच छापून येतं, म्हणून या खेपेला फक्त शिक्षण आणि प्रशिक्षण यांविषयीचे प्रश्न निवडले आहेत.

मुलाला डी.फार्म.ला (फार्मसीच्या डिप्लोमाला) घातलंय. शेजारी म्हणतात, मेडिकलमध्ये गोळ्या काढून द्यायला दोन वर्षं कशाला लागतात? खरंच, शिकवतात तरी काय?
– एक पालक, लातूर

शेजाऱ्यांना एक गणित घाला. बारा किलोचं मूल आहे, ताप आहे. किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने त्याला एका वेळी १८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचंय. फळीवर तीन बाटल्या आहेत. पहिल्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम, दुसऱ्यात ५ मिलिलिटरला २५०, आणि तिसरे ड्रॉप्स, १ मिलिलिटरला १००. पहिल्यातून साडेसात मिलिलिटर द्यायचं, दुसऱ्यातून ३.६, ड्रॉप्समधून १.८. आता पहिल्या बाटलीचं माप कुणी ड्रॉप्सना लावलं, तर पोराच्या पोटात एका वेळी ७५० मिलिग्रॅम जाईल, म्हणजे चौपटीहून जास्त. तिन्ही बाटल्यांवर नाव एकच.

हे चटकन दिसायला हवं म्हणून पहिल्या वर्षी शरीररचना, औषधनिर्माणशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिजन्य औषधं आणि सोशल फार्मसी असते. दुसऱ्या वर्षी औषधाचा शरीरावरचा परिणाम, आजारांचे उपचार, जीवरसायन, हॉस्पिटल फार्मसी, दुकानाचा कारभार आणि कायदा. फार्मसी कौन्सिलच्या २०२० च्या नियमांनी अभ्यासक्रम बराच बदलला आणि रुग्णाशी बोलण्याला त्यात जास्त जागा मिळाली. फार पूर्वीच व्हायला हवं होतं, असं माझं मत.

प्रयोगशाळेत आम्ही कॅलामाइन लोशन घोटतो, इमल्शन करतो. हे सगळं कंपनीतून तयार येतं. मग खलबत्त्यात वेळ का घालवायचा?
– प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, सांगली

कारण बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी हलवा’ का लिहितात, हे वाचून कळणं आणि हाताने कळणं यांत फरक आहे. कॅलामाइन आणि झिंक ऑक्साइड पाण्यात विरघळत नाहीत. बेंटोनाइट नावाची माती टाकून त्यांना तरंगत ठेवायचं, तरी बाटली रात्रभर ठेवली की गाळ खाली बसतोच. न हलवता वरचं पाणी लावणाऱ्या रुग्णाला गुण येत नाही, आणि तो म्हणतो औषध बोगस आहे. हेच जुलाबाच्या सस्पेन्शनचं आणि मुलांच्या अँटिबायोटिकच्या ड्राय सिरपचं. न हलवता दिलेल्या सिरपचा पहिला डोस पातळ आणि शेवटचा जहाल.

पुढच्या प्रॅक्टिकलला कापूर आणि मेंथॉल एकत्र घोटून बघा. दोन्ही कोरडे, घन. जरा घोटलं की खलात पाणी सुटतं. दोघांचा वितळणबिंदू एकमेकांमुळे खाली येतो, म्हणून तसं होतं. पुस्तकात ही ओळ तुम्ही चार वेळा वाचली असेल. बोटाला लागल्यावर विसरणार नाही. ‘या दोन गोष्टी एकत्र देऊ नयेत’ ही सवय तिथून लागते.

इमल्शनचं ४:२:१ (तेल, पाणी, गोंद) पाठ करा आणि पुढे चला. त्यात अडकून पडण्यासारखं फार नाही.

डिप्लोमाचं ५०० तासांचं ट्रेनिंग एका मेडिकलमध्ये करतोय. मालक माल लावायला, धूळ पुसायला आणि गल्ल्यावर बसवतात. यात शिकायचं काय?
– विद्यार्थी, अहिल्यानगर

आधी नियम बघा. हे प्रशिक्षण किमान तीन महिन्यांत विभागलेलं, किमान ५०० तासांचं असतं, आणि त्यातले निदान २५० तास चिठ्ठीवरून प्रत्यक्ष औषध देण्यात जायला हवेत. म्हणजे गल्ला हा त्या अडीचशे तासांत धरता येत नाही. हे मालकांना गोड शब्दांत सांगा, नाहीतर कॉलेजातल्या सरांकरवी सांगा.

माल लावण्याला मात्र नाक मुरडू नका. शिकाऊ पोरांची नजर तिथेच तयार होते. बॅच नंबर, एक्स्पायरी, कुठलं औषध २ ते ८ अंशांत राहतं, कुठलं उन्हात ठेवलं की गेलं. माल उतरवताना इन्सुलिनचा बॉक्स दारातच राहिला आणि स्टॉकिस्टचा पोरगा बिल घेऊन निघून गेला, असं रोज होतं. तो बॉक्स उचलून आधी फ्रीजमध्ये, मग बाकीचं. आणि फ्रीजमध्ये म्हणजे बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरता येत नाही.

मग शेड्यूल एच-१ चं, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या औषधांचं, रजिस्टर मागून घ्या. सेफिक्झिम, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम, टीबीची औषधं या यादीत येतात. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, हे त्यात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. कित्येक दुकानांत ते महिनाअखेरीला एका बैठकीत ‘भरलं’ जातं. तुम्ही रोजच्या रोज लिहा. कुणी हसलं तर हसू द्या.

चिठ्ठी वाचण्याची सवयही इथेच लागते. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तर. पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे उजवा डोळा. अंदाजाने वाचणं हा आपल्या धंद्यातला सगळ्यात जुना रोग. अक्षर लागलं नाही तर दवाखान्यात फोन करायचा. ‘डॉक्टर चिडतात’ हे मलाही माहीत आहे. चिडू द्यावं.

एक औषध खास लक्षात ठेवा : मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर रक्तपेशी घटतात, तोंड सोलून निघतं, माणूस दगावू शकतो. चिठ्ठीत वार लिहिलेला नसेल तर विचारून घ्या, पाकिटावर ‘फक्त सोमवारी’ असं ठळक मराठीत लिहा आणि आजीबाईंकडून वदवून घ्या.

ट्रेनिंगला न जाता सही मिळेल असं मित्र म्हणतात. आणि पास झाल्यावर सर्टिफिकेट दुकानाला भाड्याने देऊन महिन्याला पैसे मिळतात, हे खरं का?
– नाव छापू नये ही विनंती

दोन्ही चालतं आणि दोन्ही बेकायदा आहे. कायद्यानुसार चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच, किंवा त्याच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. भिंतीवर तुमचं नाव टांगलेलं आणि काउंटरवर दुसराच. उद्या त्याने चुकीचं औषध दिलं तर नोटीस तुमच्या नावाने येते. शिवाय डिप्लोमानंतरच्या एक्झिट परीक्षेचे नियम २०२२ मध्ये आले आहेत. तुमच्या प्रवेशवर्षाला ती कशी लागू आहे हे कॉलेजात विचारा. फुकटच्या सहीवर ती सुटायची नाही.

बी.फार्म. आणि फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) यांत प्रत्यक्ष कामाचा फरक काय? फार्म.डी. झालं की ‘डॉक्टर’ म्हणून दवाखाना टाकता येतो का?
– बारावीची विद्यार्थिनी, नाशिक

दवाखाना टाकता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण काही जाहिराती भलत्याच आशा लावतात.

बी.फार्म. चार वर्षांचं, बरंचसं उद्योगाकडे झुकलेलं. सहाव्या सत्रानंतर कंपनीत वा हॉस्पिटलात दीडशे तास, सातव्यात प्रॅक्टिस स्कूल (निवडलेल्या विषयातलं प्रत्यक्ष काम), आठव्यात प्रकल्प. टॅब्लेट कशी दाबतात, ती पोटात किती वेळात फुटते, नमुना कसा तपासतात, हे तिथे बघायला मिळतं. कंपनीत गेलात तर एक गोष्ट पहिल्या दिवशी कळेल : केलेलं काम त्याच वेळी लिहिलं नाही, तर ते केलंच नाही असं धरतात.

फार्म.डी. भारतात २००८ पासून आहे. सहा वर्षांचं, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं : सहा महिने जनरल मेडिसिन, मग तीन विभागांत दोन-दोन महिने. डॉक्टरांच्या राउंडला जायचं, केसपेपर वाचायचा, औषधं एकमेकांना भिडतात का बघायचं. रुग्ण रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन घेतोय आणि कुणी जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल लिहिलं, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ते डॉक्टरांच्या नजरेला आणून द्यायचं, तेही रुग्णाच्या खाटेपाशी मोठ्याने नाही. औषधाचा त्रास झाला तर त्याचा अहवाल गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्राकडे पाठवायचा. हे काम आवडणाऱ्यानेच तिकडे जावं. हॉस्पिटलांत त्यासाठी स्वतंत्र जागा अजून थोड्या आहेत, हेही घरी सांगून ठेवा.

आईचं इन्सुलिन आणायला गेलो, तर काउंटरवरच्या शिकाऊ मुलाने दहा प्रश्न विचारले. कुठली सिरिंज, कोण टोचतं, फ्रीज आहे का. त्याला काय करायचंय?
– एक ग्राहक, ठाणे

त्याचं नाव विचारून मालकाकडे कौतुक करा. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली मिलिलिटरला ४० युनिटचीही मिळते आणि १०० चीही. सिरिंजही दोन : लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत ओढलं, तर वीस नव्हे, पन्नास युनिट जातील आणि आईंची साखर धाडकन खाली येईल. उलट अदलाबदल झाली तर वीसऐवजी आठच जातील.

मुलगा शिकाऊ असल्यामुळे त्याने दिलेली बाटली दुकानातल्या फार्मासिस्टने एकदा बघायला हवी. ती त्यांनी बघितली नसेल तर पुढच्या वेळी तुम्हीच तपासून मागा. आणि जाताना घरातली जुनी सिरिंज बरोबर न्या.