ही तक्रार नेमकी कोणाची?

वाचकांचे प्रश्न : जीपीयू प्रोग्रॅमिंग

गेल्या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच होता : कुडाचा, म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर (जीपीयूवर) चालणारा प्रकल्प बिल्ड होत नाही, किंवा बिल्ड होतो आणि दुसऱ्या यंत्रावर चालत नाही. त्यांतील पाच पत्रे थोडक्यात करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू २२.०४ आहे आणि तिथे आमचा प्रकल्प व्यवस्थित बिल्ड होतो. घरच्या लॅपटॉपवर आरटीएक्स ३०५० कार्ड आहे. त्यावर मी उबुंटू २४.०४ टाकले आणि लॅबमधलेच कुडा टूलकिट १२.१ बसवले, तर पहिल्याच फाइलला ‘अनसपोर्टेड जीएनयू व्हर्जन’ असा एरर येतो आणि जीसीसी १२ च्या पुढचा चालणार नाही असे त्यात म्हटले आहे. टूलकिट तीनदा काढून पुन्हा बसवले. एका मित्राने ही तपासणी बंद करण्याचा पर्याय सुचवला आहे. तो वापरावा का?
— एक विद्यार्थिनी, घणसोली

उत्तर : तो पर्याय वापरू नका आणि टूलकिटही पुन्हा बसवू नका, कारण तुमच्या टूलकिटमध्ये काहीही बिघाड नाही.

कुडा टूलकिटमधल्या एनव्हीसीसीला आपण सवयीने कंपायलर म्हणतो, पण खरे पाहता तो काम वाटून देणारा मुकादम आहे. तुमची फाइल हाती आली की तो तिचे दोन भाग करतो. सीपीयूवर चालणारा भाग यंत्रातल्या नेहमीच्या कंपायलरकडे, म्हणजे लिनक्सवर सहसा जीसीसीकडे आणि विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरकडे जातो. कार्डावर चालणाऱ्या भागाचे आधी पीटीएक्स नावाच्या मधल्या भाषेत रूपांतर होते, त्यातून पीटीएक्सएएस हा असेंब्लर ठरावीक कार्डासाठी मशीन कोड काढतो, आणि मग दोन्ही भाग एकाच ऑब्जेक्ट फाइलमध्ये बांधले जातात. इतक्या हातांतून काम जात असल्यामुळे एरर आला की मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहते : ही ओळ छापली कोणी? जीसीसीने, पीटीएक्सएएसने, लिंकरने, की प्रोग्रॅम सुरू झाल्यानंतर ड्रायव्हरने? हे कळले की शोधाची जागा एकदम लहान होते, आणि हे न पाहता केलेली पुनर्स्थापना म्हणजे ताप कशाचा आहे हे न विचारता दिलेले औषध असते.

तुमच्या बाबतीत ओळ छापणारा जीसीसी आहे, पण तक्रार त्याची नाही. टूलकिटसोबत येणाऱ्या ‘होस्ट कॉन्फिग’ या हेडर फाइलमध्ये जीसीसीचा क्रमांक तपासणारी अट आहे आणि ती मोडल्यावर मुद्दाम एरर काढला जातो. उबुंटू २२.०४ मध्ये मूळचा जीसीसी ११ असतो, २४.०४ मध्ये १३, आणि टूलकिट १२.१ ची मर्यादा १२ पर्यंतची आहे. लॅब आणि घर यांतला सगळा फरक एवढाच. ही अट उगाच घातलेली नाही. कार्डासाठीचा कोड तयार करताना एनव्हीसीसीच्या स्वतःच्या अंगालाही जीसीसीच्या सी प्लस प्लस हेडर फाइल वाचाव्या लागतात, आणि नव्या हेडरमधली नवी रचना जुन्या टूलकिटला उमगेलच असे नाही. तपासणी बंद केल्यास पहिली ओळ जाईल, पण तिच्या जागी तुम्ही कधी न उघडलेल्या हेडर फाइलींतल्या शेकडो ओळी येण्याचा संभव आहे. बिल्ड झाला तरी चालताना चुकीचे उत्तर मिळू शकते, असा इशारा त्या संदेशातच दिलेला आहे. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेच्या आधी हा धोका पत्करू नये.

सरळ मार्ग असा. जीसीसी १२ आणि जी प्लस प्लस १२ ही पॅकेजे उबुंटूच्या भांडारात आहेत आणि ती १३ च्या शेजारी सुखाने नांदतात. ती बसवून एनव्हीसीसीला ‘सीसीबिन’ या पर्यायाने जी प्लस प्लस १२ चा मार्ग द्या. सी-मेक हे बिल्डची आखणी करणारे साधन वापरत असाल तर हाच मार्ग सीमेक_कुडा_होस्ट_कंपायलर या चलात द्या आणि त्यानंतर बिल्डचे फोल्डर पूर्ण काढून नव्याने कॉन्फिगर करा, कारण सी-मेक पहिल्या वेळी सापडलेला कंपायलर आपल्या कॅशेत लिहून ठेवतो आणि नंतर बाहेर कितीही बदल केला तरी जुनाच धरून बसतो. ‘सांगितलेले सगळे केले, तरी तोच एरर’ अशी जी पत्रे येतात, त्यांतल्या पुष्कळांचे मूळ या कॅशेत असते.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. संपूर्ण यंत्राचा मूळ जीसीसीच बदलून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. महापे येथे नोकरीत असताना मी एका सर्व्हरवर तसेच केले होते. बिल्ड झाला आणि आठवडाभर काही अडले नाही. पुढे लिनक्स कर्नलचे अपडेट आले, तेव्हा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचे मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल होऊ लागले, आणि कर्नल ज्या कंपायलरने बांधला होता त्यापेक्षा जुना कंपायलर त्याच्या वाट्याला आल्यामुळे ते अर्ध्यावरच थांबले. सर्व्हर पुन्हा सुरू झाला तो कार्डाविनाच, आणि माझ्या बदलामुळे चार सहकाऱ्यांचा दिवस वाया गेला. कंपायलर बदलायचा तो फक्त आपल्या प्रकल्पापुरता.

प्रश्न : आमच्या छोट्या कंपनीत आरटीएक्स ४०९० असलेल्या यंत्रावर सॉफ्टवेअर तयार होते. तिथे ते उत्तम चालते. ग्राहकाच्या सर्व्हरवर टी-४ कार्ड आहे. तिथे तोच प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता संपतो, पण सर्व उत्तरे शून्य येतात. सहकाऱ्याने एरर तपासणाऱ्या ओळी घातल्यावर ‘नो कर्नल इमेज इज अव्हेलेबल’ असा संदेश दिसला. बिल्डमध्ये तर एकही एरर नाही.
— एक प्रोग्रॅमर, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : संदेशातला कर्नल म्हणजे कार्डावर चालणारे फंक्शन, लिनक्सचा कर्नल नव्हे. संदेश चालताना आला असला तरी दोष बिल्डमध्येच आहे, आणि तुमच्या सहकाऱ्याने योग्य जागी बोट ठेवले आहे. प्रत्येक कार्डाला ‘कम्प्यूट कपॅबिलिटी’ नावाचा क्रमांक असतो. आरटीएक्स ४०९० चा क्रमांक ८.९ आहे, टी-४ चा ७.५. एका क्रमांकासाठी काढलेला मशीन कोड त्याच मुख्य आकड्याच्या, तितक्याच किंवा वरच्या दुय्यम क्रमांकाच्या कार्डावर चालतो. म्हणजे ८.६ साठीचा कोड ८.९ वर चालेल, पण ८.९ साठीचा कोड ८.६ वरही चालणार नाही, मग ७.५ ची गोष्टच नको. पीटीएक्स याहून लवचीक आहे. ते प्रोग्रॅममध्ये ठेवलेले असेल तर ड्रायव्हर त्यातून नव्या कार्डासाठी आयत्या वेळी मशीन कोड तयार करू शकतो, मात्र हे केवळ पुढच्या दिशेने, ८.९ साठीच्या पीटीएक्सवरून ७.५ कडे मागे येता येत नाही.

तुमच्या सी-मेकच्या फाइलमध्ये आर्किटेक्चरच्या जागी ‘नेटिव्ह’ लिहिलेले असावे, असा माझा अंदाज आहे. ही सोय सी-मेक ३.२४ पासून आहे आणि स्वतःच्या यंत्रापुरते काम असेल तर ती छानच आहे, कारण समोर असलेले कार्ड ओळखून तेवढ्यापुरताच कोड काढला जातो. पण जे सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती द्यायचे आहे, त्यासाठी ती घातक आहे. तिथे ७५ आणि ८९ असे दोन्ही क्रमांक स्पष्ट लिहा. बिल्डला वेळ अधिक लागेल, फाइल मोठी होईल, ते सोसावे. तयार फाइलमध्ये कोणकोणत्या कार्डांचा कोड आहे हे टूलकिटमधल्या ‘कुओब्जडंप’ या साधनाने पाहता येते, आणि ग्राहकाकडे फाइल पाठवण्यापूर्वी ते एकदा पाहण्याची सवय मी प्रत्येकाला लावू इच्छिते.

यादी करताना जुन्या कार्डांचाही विचार करा. २०२५ मध्ये आलेल्या कुडा १३ ने ७.५ च्या खालच्या कार्डांसाठी कोड काढणे बंद केले आहे. कुठल्या ग्राहकाकडे जीटीएक्स १०८० किंवा व्ही-१०० असेल, तर त्यांच्यासाठी १२ च्या मालिकेतले टूलकिट जपून ठेवावे लागेल.

राहिला शून्य उत्तरांचा प्रश्न, आणि मला तो मूळ एररपेक्षाही गंभीर वाटतो. कर्नल सुरू करणारी ओळ स्वतः काहीच परत देत नाही. तिच्यानंतर ‘कुडा गेट लास्ट एरर’ विचारले नाही, तर कर्नल चाललाच नाही हे प्रोग्रॅमला कळत नाही आणि रिकामी मेमरी उत्तर म्हणून पुढे जाते. तपासणीच्या त्या ओळी आता काढू नका. त्या कायम राहू द्या.

प्रश्न : माझ्या उबुंटू २२.०४ वर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही ड्रायव्हरसोबतची आज्ञा कुडा १२.४ दाखवते, तर एनव्हीसीसी स्वतःला ११.५ म्हणवतो. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीचे एक एक्स्टेन्शन बिल्ड करताना आवृत्त्या जुळत नसल्याचा एरर येतो. यातले खरे काय मानायचे?
— एक संशोधक, खारघर

उत्तर : दोन्ही खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. पहिला आकडा तुमचा ड्रायव्हर जास्तीत जास्त कोणत्या कुडापर्यंत साथ देईल हे सांगतो. टूलकिट बसवले आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरा आकडा प्रत्यक्ष टूलकिटचा आहे, आणि ११.५ हे उबुंटू २२.०४ च्या स्वतःच्या भांडारातून येते. तिसरा आकडा पायटॉर्च ज्या कुडाने बांधले गेले त्याचा, आणि तो ‘टॉर्च डॉट व्हर्जन डॉट कुडा’ छापून पाहता येतो. पायटॉर्च चालण्यासाठी लागणाऱ्या लायब्ररी सोबत आणते, पण एनव्हीसीसी आणत नाही, म्हणून एक्स्टेन्शन बिल्ड करताना यंत्रातल्या ११.५ ची गाठ पडते. मुख्य आकडा वेगळा असला तर पायटॉर्च अडवते; दुय्यम आकड्यातल्या फरकासाठी केवळ ताकीद देते. तेव्हा तिसऱ्या आकड्याशी जुळणारे टूलकिट बसवा आणि कुडा_होम हे चल त्याच्या फोल्डरकडे वळवा. ड्रायव्हरला हात लावू नका.

त्यानंतर बिल्ड मध्येच ‘किल्ड’ म्हणून थांबला, तर तो कोडचा दोष समजू नका. एकाच वेळी अनेक एनव्हीसीसी चालू झाल्याने रॅम संपलेली असते. मॅक्स_जॉब्स हे चल २ वर ठेवून पाहा.

प्रश्न : ठाणे खाडीतल्या भरती-ओहोटीच्या प्रवाहाचे सिम्युलेशन लिहीत आहे. सर्व कोड एका फाइलमध्ये होता तोवर ठीक होते. खोलीचे गणित करणारे डिव्हाइस (म्हणजे कार्डावर चालणारे) फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये नेले आणि ‘अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्न फंक्शन’ असा एरर येऊ लागला. हेडरमध्ये घोषणा केलेली आहे.
— एक वाचक, कळवा

उत्तर : ही तक्रार पीटीएक्सएएसची आहे. साध्या सी प्लस प्लसमध्ये फाइलींची जुळणी शेवटी लिंकर करतो, पण एनव्हीसीसी काही सांगितले नसेल तर प्रत्येक फाइलमधला डिव्हाइस कोड स्वयंपूर्ण आहे असे धरून चालतो. वेगवेगळ्या फाइलींतला डिव्हाइस कोड जोडण्याची सोय २०१२ च्या कुडा ५ पासून आहे. ती ‘आरडीसी’ हा पर्याय ‘ट्रू’ देऊन किंवा सी-मेकमध्ये कुडा_सेपरेबल_कंपायलेशन चालू करून मिळते. मग शेवटची जुळणी जी प्लस प्लसऐवजी एनव्हीसीसीकडूनच करून घ्या, नाहीतर डिव्हाइस लिंकची पायरी राहून जाते आणि तुम्ही कधीच न लिहिलेल्या नावांबद्दल लिंकर तक्रार करू लागतो.

तरीही तुमच्या जागी मी हे केले नसते. खोलीचे फंक्शन चार-पाच ओळींचे असून प्रत्येक बिंदूसाठी लाखो वेळा बोलावले जात असेल, तर ते हेडरमध्येच इनलाइन ठेवावे. वेगळ्या फाइलमध्ये गेलेले फंक्शन कर्नलमध्ये मिसळून टाकण्याची संधी कंपायलरला सहसा मिळत नाही आणि वेग कमी होतो.

प्रश्न : आमच्या बिल्ड सर्व्हरवर जीपीयू नाही. टूलकिट बसवले, तरी लिंकर ‘एलकुडा’ सापडत नाही म्हणतो.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : ‘एलकुडा’ म्हणजे ‘लिबकुडा’ ही लायब्ररी जोडण्याची सूचना. ती लायब्ररी टूलकिटसोबत नाही, ड्रायव्हरसोबत येते, आणि तुमच्या सर्व्हरवर ड्रायव्हर नाही. याच प्रसंगासाठी टूलकिटच्या ‘लिब६४’ फोल्डरमध्ये ‘स्टब्ज’ नावाचे उपफोल्डर असते. लिंक करताना त्याचा मार्ग द्या, बिल्ड पुढे जाईल. हा मार्ग फक्त लिंक करण्यापुरता ठेवा. तो एलडी_लायब्ररी_पाथमध्ये गेला, तर कार्ड असलेल्या यंत्रावरही प्रोग्रॅमला खऱ्या लायब्ररीऐवजी हा पोकळ साचाच सापडेल आणि तो ३४ क्रमांकाचा एरर देऊन थांबेल.