हजेरी, जर्नल आणि मनगटातले कडे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे अभियांत्रिकी पदविकेच्या विद्यार्थ्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत, आणि जवळपास प्रत्येकात एक वाक्य ठरलेले आहे : ‘असा नियम खरोखर आहे का?’ अशा वेळी मी आधी हे पाहतो की तो नियम महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा आहे, संस्थेने स्वतःपुरता केलेला आहे, की एखाद्या सरांची जुनी सवयच नियमाचे नाव लावून वावरते आहे. तिसऱ्या जातीचे दोन-चार नियम शिक्षकाच्या नोकरीत असताना मीही चालवले होते, त्यामुळे ते मला लवकर ओळखू येतात.

प्रश्न : आम्ही आंबेवाडी-चिखली भागात राहतो. मुलगा कोल्हापुरातील एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुराच्या दिवसांत वाट बंद झाली आणि पाठोपाठ तो तापाने आजारी पडला. लेखी विषयांची त्याची हजेरी ७८ टक्के आहे, पण प्रात्यक्षिकांची ६० टक्केच भरते, म्हणून त्याचे नाव डिफॉल्टर यादीत लागले आहे. सगळे मिळून हिशेब केला तर तो ७५ च्या जवळ जातो. तरीही परीक्षेला बसू देणार नाही म्हणतात. हे योग्य आहे का? — एक पालक

उत्तर : पंच्याहत्तर टक्क्यांची अट मंडळाची आहे, ती संस्थेने मनाने घातलेली नाही. तेव्हा त्या आकड्याशी भांडण्यात अर्थ नाही. तो आकडा कशाचा आहे, हे मात्र नीट समजून घ्यावे. सत्र साधारण १५ आठवड्यांचे धरू. आठवड्याला ४ तासिका असलेल्या विषयाच्या ६० तासिका होतात, त्यांतील ४५ हजेऱ्या लागल्या तरी चालते, म्हणजे १५ तासिका बुडाल्या तरी मुलगा तगतो. प्रात्यक्षिक मात्र आठवड्यातून एकदाच, सलग दोन तासांचे असते. १५ पाळ्यांचे ७५ टक्के म्हणजे सव्वाअकरा, अर्थात १२. त्याला फक्त ३ पाळ्या बुडवता येतात. आपला मुलगा १५ पैकी ९ पाळ्यांना हजर होता, म्हणजे सहा पाळ्या गेल्या. लेखी तासाच्या तुलनेत एक बुडलेले प्रात्यक्षिक किती महाग पडते, हे मुलांना सत्राच्या पहिल्या दिवशी फळ्यावर मांडून दाखवायला हवे; ते बहुधा कोणी दाखवत नाही, आणि हा दोष शिक्षकांचा आहे.

दोन्ही हजेऱ्या एकत्र करून सरासरी काढावी, ही आपली सूचना मला पटत नाही. गणिताचा तास बुडाला तर वही मिळवून रात्री घरी बसता येते. कार्यशाळेतला अर्धवट राहिलेला जॉब, म्हणजे घडवायला दिलेला धातूचा तुकडा, घरी आणून पुरा करता येत नाही, कारण घरात तो घट्ट पकडणारा व्हाइस नसतो आणि बाजूला उभे राहून ‘फाइल (कानस) सपाट धर’ म्हणणारा निदेशकही नसतो.

आता पुराविषयी. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरही सांगते. जिल्हाधिकाऱ्यांनी ज्या दिवशी शाळा-महाविद्यालयांना सुटी जाहीर केली, त्या दिवशी तासच झाले नाहीत, तेव्हा गैरहजेरी लागण्याचा प्रश्न येत नाही. अडचण त्यानंतरच्या दिवसांची असते. शहरातले महाविद्यालय सुरू होते, पण आपल्या गावाचा रस्ता अजून पाण्याखाली असतो. अशा दिवसांसाठी ग्रामपंचायतीचा किंवा तलाठ्यांचा दाखला घेऊन, रस्ता कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद होता हे लिहून, प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. तापाचा दाखलाही त्यालाच जोडावा. डॉक्टरांच्या दाखल्याने हजेरी वाढते, अशी एक समजूत आहे, ती चुकीची आहे. दाखला गैरहजेरीचे कारण सांगतो, गैरहजेरी पुसत नाही. अर्जात सवलत मागण्याऐवजी बुडालेली प्रात्यक्षिके दुसऱ्या बॅचबरोबर भरून काढू द्यावीत, अशी मागणी करावी. माझा अनुभव असा की सवलतीच्या अर्जावर प्राचार्य ‘पाहू’ म्हणतात. भरपाईच्या अर्जावर मात्र विभागप्रमुखांना वेळापत्रक काढून बसावे लागते. फक्त हे सत्र संपायच्या आठवड्यात करू नये, यादी लागली त्याच दिवशी करावे.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या कार्यशाळेत मुलींनी वेणी टोपीत घालावी, ओढणी आणि बांगड्या काढून ठेवाव्यात, असा दंडक आहे आणि त्यावरून दोनदा मला बाहेर उभे केले गेले. बॅचमधल्या निम्म्या मुलांच्या मनगटात कडे किंवा दोरा असतो, त्यांना मात्र कोणी काही विचारत नाही. मग हा नियम आहे की मुलींना टोकायची सवय? — विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नियम खरा आहे. सवय आहे ती अर्ध्याच लोकांना लावायची. आपण दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आहेत, त्या मी वेगळ्या करतो.

लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापण्याचे यंत्र, आणि चक म्हणजे तो तुकडा घट्ट पकडून फिरणारा त्याचा भाग. हा चक मिनिटाला ५०० फेऱ्यांवर फिरतो आहे असे धरा, म्हणजे सेकंदाला आठांहून जास्त फेरे झाले. काहीतरी अडकले हे जाणवून हात मागे येईपर्यंत माणसाला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात चकाचे दोन फेरे होऊन गेलेले असतात, आणि वेणीचे टोक, ओढणीचा पदर, बाहीची सैल कड किंवा मनगटातला दोरा यांतले जे काही अडकले असेल ते दोनदा गुंडाळले गेलेले असते. दोरा निदान कधी तुटतो तरी. स्टीलचे कडे तुटत नाही, ते हात घेऊन जाते. त्यामुळे वेणीपेक्षा कड्याची काळजी कमी करावी, असे यंत्रशास्त्राच्या कोणत्याही हिशेबाने निघत नाही.

याच कारणाने फिरत्या यंत्रावर हातमोजे घालत नाहीत. नवख्या मुलांना हे उलटे वाटते, कारण हातमोजा म्हणजे संरक्षण असे त्यांच्या डोक्यात असते. भट्टीपाशी किंवा वेल्डिंगला हातमोजा हवाच. लेथ आणि ड्रिलिंग यंत्रावर मात्र तोच हाताला आत ओढतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या त्या वस्तीत, एखाद्या जुन्या टर्नरकडे, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराकडे पाहा. बाह्या कोपरावर दुमडलेल्या, हात उघडे, आणि जॉबवरून निघणारी बर, म्हणजे धातूची ती निळसर झालेली गुंडाळी, तो बोटाने कधी ओढत नाही. आकड्याने किंवा ब्रशने बाजूला करतो. त्याला हे कोणी छापील पत्रकातून शिकवलेले नसते.

याहूनही महत्त्वाचा, पण सूचनाफलकावर क्वचितच दिसणारा नियम चावीचा आहे. चक आवळून झाला की चावी त्याच हाताने बाहेर काढायची. हात चावीवरून सुटला तर चावी चकात राहता कामा नये. ती तशीच राहिली आणि शेजारच्या मित्राने गंमत म्हणून यंत्र सुरू केले, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक चावी माझ्या खांद्यावरून जाऊन मागच्या पत्र्याच्या कपाटाला पोचा पाडून गेली. त्या संस्थेने कपाट पुढे कित्येक वर्षे बदलले नाही, आणि नव्या बॅचला मी काही न बोलता आधी तो पोचा दाखवत असे.

आता आपल्या तक्रारीचा दुसरा भाग. बॅचमधल्या चार-सहा मुलांना आणि मुलींना बरोबर घेऊन कार्यशाळा अधीक्षकांना लेखी विनंती करा की कडे, अंगठी, दोरा, साखळी, घड्याळ, मोकळे केस, ओढणी आणि चप्पल यांविषयीचा नियम एकाच कागदावर, सर्वांसाठी म्हणून लावावा. कड्याला किंवा दोऱ्याला श्रद्धेचे कारण असू शकते, ते मी नाकारत नाही. ज्याला ते काढायचे नसेल त्याने त्या दिवशी फिरत्या यंत्रावर काम करू नये, एवढाच त्यावर सभ्य तोडगा आहे. अधीक्षक शहाणे असतील तर त्यांना हा अर्ज आवडेल, कारण उद्या काही घडले तर पहिली विचारणा त्यांनाच होणार आहे. तोवर मात्र वेणी टोपीत घालूनच आत जा. मुलाला टोकले नाही म्हणून चक मुलीच्या वेणीला सूट देत नाही.

प्रश्न : प्रवेशाच्या वेळी संस्थेने दहावीची मूळ गुणपत्रिका ठेवून घेतली. मागितली तर ‘तीन वर्षांनी मिळेल’ असे उत्तर येते. — एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : ठेवून घेता येत नाही. मूळ गुणपत्रिका व प्रमाणपत्रे पडताळून लगेच परत द्यावीत, असा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा दंडक आहे. शाळा सोडल्याचा दाखला तेवढा संस्थेकडे जमा राहतो, त्याची गल्लत करू नये. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बहुतेक वेळा पोच मागितली की कपाट उघडते.

प्रश्न : मापनाच्या प्रात्यक्षिकाचे माझे जर्नल (प्रयोगवही) मॅडमनी तीनदा परत केले. अक्षर चांगले आहे, आकृत्या पेन्सिलीने काढल्या आहेत, सगळे प्रयोग पूर्ण आहेत. मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नले अशीच तपासली गेली होती. सबमिशनला चार दिवस उरले आहेत. — विद्यार्थी, द्वितीय वर्ष

उत्तर : आपण सोबत एका पानाचे छायाचित्र पाठवले आहे, त्यामुळे माझे काम सोपे झाले. वर आपणच लिहिले आहे की व्हर्निअर कॅलिपरचे लघुतम माप ०.०२ मिमी आहे. खालच्या तक्त्यात तिसरे वाचन २४.३७ मिमी आहे. ज्या मापकावर दोन-दोन शतांशांनीच पुढे जाता येते, त्यावर सदतीस कुठून येईल? छत्तीस येईल किंवा अडतीस येईल. म्हणजे हे वाचन कॅलिपरवरून आलेले नाही, कोणाच्या तरी वहीतून आले आहे, आणि ज्याच्या वहीतून आले त्यानेही ते दुसऱ्याच्या वहीतून घेतले असावे. मॅडमनी नेमके हेच पाहिले असणार. त्यांनी ते आपल्याला स्पष्ट सांगायला हवे होते, हे खरे. पण तीनदा जर्नल परत करणाऱ्या शिक्षिकेने ते तीनदा वाचले आहे, हेही लक्षात घ्या. मी स्वतः सबमिशनच्या आठवड्यात साठ-साठ जर्नलांवर न वाचता सह्या केल्या आहेत, आणि त्याचा मला अभिमान नाही.

मागच्या वर्षी चालले, हा युक्तिवाद करू नका. प्रात्यक्षिकाचे गुण जसे सत्रभर केलेल्या कामाला असतात, तसे तोंडी परीक्षेतल्या उत्तरांनाही असतात. तिथे बाहेरचे परीक्षक आपल्या हातात कॅलिपर देऊन ‘हे माप सांगा’ म्हणतात, तेव्हा दुसऱ्याची वही कामाला येत नाही. चार दिवसांत सगळे जर्नल पुन्हा लिहिण्याची गरज नाही. प्रयोगशाळा सहायकांना विनंती करून एक दुपार मागून घ्या, मापांचे तक्ते तेवढे स्वतः घेतलेल्या वाचनांनी नव्याने भरा आणि शून्य त्रुटी, म्हणजे जबडे मिटलेले असतानाही कॅलिपर दाखवतो तो आकडा, लिहायला विसरू नका. आकडे जरा वेडेवाकडे येतील, तीन वाचने तंतोतंत जुळणार नाहीत. तसेच ठेवा.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ शहरातील एका वसतिगृहात राहतो. तिसऱ्या वर्षाची मुले त्याच्याकडून रात्री त्यांची जर्नले आणि ड्रॉइंग शीट करून घेतात. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. ‘इथे सगळेच करतात, आम्हीही केले’ असे सांगतात. सकाळी त्याला जाग येत नाही आणि पहिला तास बुडतो. हे रॅगिंग होते का, की मी उगाच वाढवते आहे? — एक बहीण, गारगोटी

उत्तर : आपण काहीही वाढवलेले नाही, ताई. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे, आणि एरवी जे काम विद्यार्थी राजीखुशीने करणार नाही ते त्याला करायला लावणे, हेही त्याच्या व्याख्येत येते. २००९ मध्ये आलेल्या केंद्रीय विनियमांत तर नव्या विद्यार्थ्याकडून आपले अभ्यासाचे काम करून घेणे हा प्रकार वेगळा नोंदवलेला आहे. मारहाण झाली तरच रॅगिंग, ही समजूत मुलांनी सोयीसाठी जपलेली आहे, आणि काही रेक्टरांनीही.

तक्रार प्राचार्यांकडे लेखी द्यावी. कायद्याप्रमाणे संस्थाप्रमुखांना तिची चौकशी सात दिवसांच्या आत करावी लागते, आणि सकृद्दर्शनी तथ्य आढळले तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. गुन्हा सिद्ध झाल्यास शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. शिवाय संस्थेतून काढले जाते आणि पुढची पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. भाऊ नाव द्यायला घाबरत असेल तर १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

शिक्षा एवढी मोठी असल्यामुळेच कित्येक पालक मागे सरतात. कोणाच्या पोराचे वर्ष नव्हे, आयुष्य जाईल असे त्यांना वाटते. ती भीती मी समजू शकतो. म्हणून आधी भावासह विभागप्रमुखांना भेटा आणि त्यांना एवढेच सांगा की तिसऱ्या वर्षाच्या त्या मुलांची जर्नले आणि भावाचे जर्नल एकाच टेबलावर शेजारी ठेवून पाहावीत. अक्षर कोणाचे आहे, हे ओळखायला त्यांना दोन मिनिटेही लागणार नाहीत.