प्रश्न तुमचे : सेतोमाचं राज्य आणि सेतोमाची पंचायत

प्रश्न : ताई, माझा भाचा एस्टोनियात टॅलिनला नोकरीला आहे. ऑगस्टात त्यानं एका खेड्यातल्या जत्रेचा व्हिडिओ पाठवला. चार माणसं लाकडी ओंडक्यांवर उभी आणि प्रत्येकाच्या मागे लोकांची रांग. "मामा, इथं राजा निवडतायत," म्हणाला. मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो, म्हणून विचारतो. हे खरंच राज्य आहे का? मग तिथं ग्रामपंचायत असते की नाही?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : काका, तो व्हिडिओ सेतोमाचा. एस्टोनियाच्या आग्नेय कोपऱ्यात, रशियाच्या सीमेला लागून सेतो लोकांची वस्ती आहे. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ते आपला राज्यदिन साजरा करतात. १९९४ पासूनची ही प्रथा. पण निवडतात तो राजा नव्हे, राजाचा कारभारी. राजा म्हणजे पेको, पिकापाण्याचा देव. तो सीमेपलीकडच्या पेत्सेरी गावातल्या मठाखालच्या गुहेत झोपलाय अशी श्रद्धा आहे. तो झोपलेला असताना त्याच्या वतीनं बोलायला कुणीतरी हवं, म्हणून 'उलेम्सोत्स्का' निवडायचा. बाई असो वा पुरुष. ज्याच्या मागची रांग लांब, तो जिंकला. चिठ्ठी नाही, गुप्त मतदान नाही. शेजाऱ्यादेखत उभं राहायचं. त्याच दिवशी चांगली पाव-भाकरी कुणाची, बिअर कुणाची, घरची दारू कुणाची, याच्याही स्पर्धा होतात.

या कारभाऱ्याला कर लावता येत नाही की दाखला देता येत नाही. ते काम वाल्डचं, म्हणजे कितीतरी गावांची मिळून जी एक पंचायत असते तिचं. शाळा, बालवाडी, वाचनालय, गावरस्ते, म्हाताऱ्यांची देखभाल हे सगळं वाल्डकडे. दर चार वर्षांनी सभा निवडून येते, सभा प्रमुख निवडते. सोळा वर्षांच्या मुलांनाही या निवडणुकीत मत आहे, आणि घरबसल्या इंटरनेटवरून देता येतं. म्हणजे तोच माणूस पंचायतीसाठी संगणकावर बटण दाबतो आणि पेकोच्या कारभाऱ्यासाठी उन्हात रांगेत उभा राहतो. मला दोन्ही तितकंच खरं वाटतं.

तुम्ही कारभारातले, म्हणून पुढचं मुद्दाम सांगते. २०१७ साली एस्टोनियानं स्थानिक संस्थांची मोठी जुळणी केली. २१३ होत्या, ७९ राहिल्या. नियम असा की एका संस्थेत किमान ५,००० लोक हवेत. सेतो लोकांची वस्ती तोवर चार वाल्डांत आणि दोन जिल्ह्यांत वाटलेली होती. मिकितामाए आणि व्यार्स्का प्योल्वा जिल्ह्यात, मेरेमाए आणि मिस्सो व्होरू जिल्ह्यात. आकड्याच्या नियमानं ते शेजारच्या मोठ्या संस्थांत विरघळून गेले असते. पण कायद्यानं त्यांना सूट दिली. मिस्सोचा फक्त लुहामाकडचा सेतो भाग घेतला, बाकीच्या तिघांना जोडला आणि 'सेतोमा' नावाचं एकच वाल्ड झालं. मुख्य ठिकाण व्यार्स्का, जिल्हा व्होरू. वस्ती आज तीन हजारांच्या आसपास. त्या सगळ्या फेररचनेतला मला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. माणसं किती हे मोजण्याआधी ती एकमेकांची कोण लागतात हे तिथं विचारलं गेलं.

अडचण पैशाची राहतेच. वाल्डचं मोठं उत्पन्न म्हणजे तिथं नोंद असलेल्या रहिवाशांच्या आयकरातला हिस्सा. मुलं तार्तू, टॅलिन अशा शहरांत गेली आणि पत्ता तिकडे नोंदवला की तो हिस्साही तिकडे जातो.

आणि दुसरी जखम सीमेची. १९२० साली रशियाशी झालेल्या तार्तू तहानं पेत्सेरीसकट सगळा सेतो मुलूख एस्टोनियात आला होता. १९४४ मध्ये सोव्हिएत सत्तेनं पेत्सेरी आणि आसपासचा मोठा भाग रशियाला जोडला. सोव्हिएत काळात ती रेघ कागदावरच होती; लोक बाजाराला, देवळात, आजीच्या थडग्यावर जातयेत होते. १९९१ नंतर तिथं खरी सरहद्द उभी राहिली. गाव इकडे, मठ आणि बाजारपेठ तिकडे. व्यार्स्काहून साअत्से गावाला जाणारा रस्ता तर सुमारे एक किलोमीटर रशियन हद्दीतून जातो. वर्षानुवर्षं त्यावरून गाडीनं जायची मुभा होती, थांबायची किंवा पायी चालायची नव्हती. २०२५ च्या ऑक्टोबरात एस्टोनियानं तिथली वाहतूक बंद केली. आता वळसा घालावा लागतो.

मी तार्तूत राहते, तिकडे जाणं होतं. जवळून बघावं असं सांगायचं तर त्यांचं गाणं, लेलो. एक बाई ओळ जागच्या जागी रचते, बाकीच्या ती उचलून धरतात. जात्यावरच्या ओवीला दहा-बारा गळ्यांची साथ मिळाली तर वाटेल तसं. त्या गळ्यांवरून एकच उंच, धारदार आवाज वेगळा जातो, त्याला 'किल्लो' म्हणतात. लग्न झालेल्या बायकांच्या छातीवर चांदीचं शंकूसारखं मोठं पदक आणि साखळ्यांचे पदर असतात. हलल्या की गाण्याखाली चांदीची खळखळ ऐकू येत राहते. २००९ मध्ये युनेस्कोनं लेलोची वारसा म्हणून नोंद केली. पण ते टिकलं ते अ‍ॅन वाबार्नासारख्या बायांमुळे. त्यांना लिहिता येत नव्हतं आणि हजारो ओळी तोंडपाठ होत्या.

प्रश्न : मी तार्तूला शिकते. १९ ऑगस्टला सेतोमातल्या ओबिनित्सा गावात स्मशानात जेवण असतं असं ऐकलं. परक्यानं गेलं तर चालेल का? मी शाकाहारी आहे.
– एक विद्यार्थिनी, मूळ नाशिक

उत्तर : जरूर जा. सेतो ऑर्थोडॉक्स आहेत आणि सण जुन्या पंचांगानं करतात, म्हणून तो दिवस १९ ऑगस्टला येतो. चर्चमधली प्रार्थना झाली की प्रत्येक घर आपल्या माणसाच्या थडग्यावर कापड अंथरतं, वर जेवण मांडतं आणि सगळे भोवती बसून जेवतात. गेलेल्यांनाही त्यात वाटा असतो. आपण होऊन कुठल्या थडग्यापाशी उभी राहू नकोस, फोटो विचारूनच काढ. कुणी बोलावलं तर मात्र बस आणि दिलेलं घे. नको म्हणालीस तर त्यांना वाईट वाटतं. 'सोइर' हमखास असेल. दूध, ताजं चीज, लोणी आणि कॅरवे, म्हणजे विलायती जिरं, घालून केलेली पिवळसर वडी. त्यात अंडं असतं, ते तुला चालतं का बघ. मांसाचे पदार्थ शेजारीच ठेवलेले असतील.

एक दिवस हाताशी असेल तर मिकितामाएचं लाकडी प्रार्थनाघर बघ, १६९४ चं आहे. अशी छोटी देवघरं बऱ्याच सेतो गावांत आहेत. एरवी ती बंद असतात आणि किल्ली गावातल्याच कुणाच्या तरी घरी असते. तार्तूहून व्यार्स्काला बस जाते, पण परतीची वेळ आधी बघून ठेव.