‘अकुला’ आणि ‘टायफून’ या एकच पाणबुडी आहेत की वेगवेगळ्या?

तुम्ही कुणाचं लिखाण वाचताय, त्यावर हे ठरतं. अकुला म्हणजे रशियन भाषेत शार्क. सोव्हिएत नौदलाने हे नाव प्रकल्प ९४१ ला, म्हणजे त्या क्रमांकाच्या आराखड्यावर बांधलेल्या पाणबुड्यांना, दिलं. ही पाण्याखाली सुमारे ४८ हजार टनांची, जगात आजवर बांधलेली सर्वांत मोठी पाणबुडी. तिलाच नाटो ‘टायफून’ म्हणते. गोंधळ इथून पुढे होतो, कारण नाटोने ‘अकुला’ हे नाव भलत्याच पाणबुडीला, प्रकल्प ९७१ ला, दिलं. तिचं घरचं नाव ‘श्चुका-बी’. भारताने २०१२ मध्ये भाड्याने घेतलेली ‘चक्रा’ ही ९७१ चीच, मूळची के-१५२ ‘नेर्पा’. आपल्या वर्तमानपत्रांत तिला ‘अकुला’ म्हटलं जायचं ते नाटोच्या हिशेबाने.

रशियन पाणबुडीची ओळख चार थरांत असते: प्रकल्प क्रमांक, प्रकल्पाचं नाव, पाणबुडीचा स्वतःचा क्रमांक आणि असलंच तर खास नाव. नाटोचं नाव बाहेरून चिकटवलेलं. उदाहरणार्थ, २००० मध्ये ११८ जणांसह बुडालेली ‘कुर्स्क’: प्रकल्प ९४९ए, प्रकल्पाचं नाव ‘अन्तेय’, क्रमांक के-१४१, नाटोचं नाव ‘ऑस्कर-२’.

क्रमांकाआधीचं अक्षर प्रकार सांगतं. के म्हणजे क्रूझर, बी मोठी, एस मध्यम, एम लहान. नाटोची विस्की, फॉक्सट्रॉट, किलो ही नावं मात्र बिनतारी संदेशांच्या वर्णमालेतून उचललेली. त्यांचा या अक्षरांशी काडीचा संबंध नाही. मुंबईत ओळखीच्या असलेल्या सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्या नाटोच्या लेखी ‘किलो’, पण रशियातल्या त्यांच्या बहिणींचे क्रमांक ‘बी’ने सुरू होतात.

सर्वांत जास्त चुका तारखांमुळे होतात. १९९२ मध्ये अनेक अणुपाणबुड्यांचं ‘के’ बदलून ‘बी’ केलं गेलं. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या ‘बॅटन रूज’ या पाणबुडीला धडकली तेव्हाची के-२७६ नंतर बी-२७६ झाली, आणि पुढे ‘कोस्त्रोमा’. सोव्हिएत काळात खास नाव मिळणं दुर्मीळ होतं. पहिल्या अणुपाणबुडीला, के-३ ला, ‘लेनिन्स्की कोम्सोमोल’ हे नाव मिळालं ते १९६२ मध्ये. शहरांची आणि प्राण्यांची नावं सर्रास दिसू लागली ती १९९० च्या दशकात. त्यामुळे जुनी घटना शोधताना क्रमांक टाका, नाव नको.

फोटोत पाणबुडीच्या मनोऱ्यावर रंगवलेला आकडाही तिचा क्रमांक समजू नका. सोव्हिएत नौदल ते आकडे वरचेवर बदलायचं.