बडोद्यात बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला कलेक्टरची परवानगी लागते का?

तुमचं घर बडोद्यात, कागदोपत्री हिंदू. 23 सप्टेंबरला कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवर (बाबासाहेब आंबेडकरांच्या संकल्पाची जागा) सहकुटुंब दीक्षा घ्यायची आहे. "घटनेत बौद्ध हिंदूंतच मोडतात, परवानगी कशाला?" असं कुणी सांगितलंय, ते खरं का, आणि जातीचा दाखला जाईल का, असं तुम्ही विचारलंय.

परवानगी लागते. पण ती मागायची तुम्ही नव्हे, दीक्षा देणाऱ्या भन्तेजींनी. गोंधळ होतो तो इथेच. गुजरात धर्म स्वातंत्र्य अधिनियम 2003 च्या कलम 5 मध्ये दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. विधी करणाऱ्याने आणि त्यात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष भाग घेणाऱ्याने (म्हणजे आयोजकही आले) कलेक्टरची पूर्वपरवानगी घ्यायची. दीक्षा घेणाऱ्याने विधीनंतर ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या नमुन्यात कळवायचं, तेही विधी ज्या जिल्ह्यात झाला तिथल्या कलेक्टरला. समारंभ आणंदला झाला, तर राहता बडोद्यात असलात तरी कळवायचं आणंदला. हे चुकलं तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता घटनेचा मुद्दा. कलम 25 च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात 'हिंदू' शब्दात शीख, जैन, बौद्ध धरलेत हे खरं, पण ते फक्त सामाजिक सुधारणा आणि हिंदू देवळं सर्व वर्गांना खुली करण्याच्या कायद्यांपुरतं. हिंदू विवाह आणि वारसा कायदे बौद्धांना लागू आहेत, त्यामुळे गैरसमज आणखी पक्का होतो. काही कलेक्टर कचेऱ्याच या कलमाचा दाखला देऊन "परवानगीची गरज नाही" असं कळवत होत्या. म्हणून गुजरातच्या गृह विभागाने एप्रिल 2024 मध्ये परिपत्रक काढलं: या अधिनियमापुरता बौद्ध धर्म वेगळा धर्म, पूर्वपरवानगी लागेलच. त्याची प्रत जवळ ठेवा आणि अर्ज दिल्यावर इनवर्डचा शिक्का असलेली प्रत घेतल्याशिवाय परत फिरू नका.

स्वतःची श्रद्धा निवडायला सरकारदरबारी अर्ज करावा लागणं मला अजिबात पटत नाही. पण असे कायदे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच वैध ठरवलेत. 2021 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने काही कलमांना अंतरिम स्थगिती दिली, ती आंतरधर्मीय विवाहांपुरती. तिच्या भरवशावर राहू नका.

भन्तेजींना निदान तीन महिने आधी अर्ज करायला सांगा. चौकशीचा सगळा रोख एकाच गोष्टीवर असतो: दीक्षा स्वेच्छेने आहे ना? कायद्यात रोख किंवा वस्तुरूप भेटही 'प्रलोभन' ठरते, तेव्हा निमंत्रणपत्रिकेवर दीक्षार्थींना अमुक मिळेल असं काहीही छापू देऊ नका.

घरातलं कुणी जन्मानेच बौद्ध असेल, तर त्याच्यापुरता धर्म बदलतच नाही. त्याने कळवायचं काही नाही.

जातीचा दाखला जात नाही. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात सुरुवातीला काही मोजक्या शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदू होते. 1956 मध्ये सगळे शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आले. (ख्रिस्ती किंवा मुस्लिम झाल्यास मात्र तो दर्जा जातो.) फॉर्म भरताना धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा, पण जातीच्या रकान्यात 'नवबौद्ध' लिहू नका. ते जातीचं नाव नाही. गुजरातच्या यादीतली तुमची मूळ जात, उदाहरणार्थ 'महार', तशीच लिहा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा.